‘वऱ्हाड’मधला ऱ्ह आणि कॉम्प्युटरच्या बारक्या गोष्टी: आठवड्याला एक चौकट द्याच

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेरॉक्स, टायपिंग अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. दुकान बस स्टॉपला लागून आहे, बाजूला पानठेला, पानठेल्यावर तुमचा पेपर येतो अन् दुपारपर्यंत पंधरा-वीस जणांच्या हातून फिरून माझ्याकडे पोचतो. पेपरात हवामान येतं, कापूस सोयाबीनचे भाव येतात, भविष्य येतं. पण आजकाल शेतकऱ्याचं सगळं ज्या मशीनवर अडलेलं आहे, सातबारा म्हणा, पीक विमा म्हणा, पोरीची स्कॉलरशिप म्हणा, त्या कॉम्प्युटरबद्दल आपल्या भाषेत दोन ओळी येत नाहीत, आल्याच तर नवीन मोबाईल किती हजाराचा निघाला एवढंच. माझी विनंती आहे की आठवड्यातून एकदा एक चौकट द्या, त्यात एकच बारकी गोष्ट सांगा, कोणती की दाबली की काय होतं अन् का होतं. हे मी हौस म्हणून मागत नाहीये, खाली सांगतो त्यावरून तुमच्या लक्षात येईल.

मागच्या वर्षीची गोष्ट. बाजूच्या गावचे एक बाबाजी आले, म्हणाले, “भाऊ, त्या यादीत माह्यं नाव हाये का पाहून दे.” यादी मोठी होती, हजाराच्या वर नावं, मी कंट्रोल एफ दाबलं, त्यांचं आडनाव टाईप केलं, कॉम्प्युटर म्हणाला नाही. दोनदा पाहिलं, नाहीच. मी सांगितलं, बाबाजी, नाव नाही. ते काहीच बोलले नाहीत, दुपट्ट्याने तोंड पुसलं अन् एसटीची वाट पाहत बसले. रात्री जेवताना मला राहवलं नाही, पुन्हा दुकान उघडलं अन् यादी एकेक ओळ करून वाचत गेलो, तर ४१२ नंबरला त्यांचं नाव होतं! अक्षर न अक्षर बरोबर. आडनाव तेच, बापाचं नाव तेच, गट नंबर तोच. मग कॉम्प्युटर नाही का म्हणाला?

त्यांच्या आडनावात ऱ्ह आहे, आपल्या वऱ्हाडातला ऱ्ह. आता हा ऱ्ह कॉम्प्युटरात दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक रस्ता म्हणजे ऱ नावाचं वेगळं अक्षरच आहे, त्याला हलन्त लावायचा अन् पुढे ह टाकायचा. दुसरा रस्ता जुना, साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, अन् मग ह. डोळ्याला दोन्ही एकसारखे दिसतात, प्रिंट काढली तरी फरक सांगता येत नाही, पण कॉम्प्युटर चित्र पाहत नाही, तो अक्षरांचे नंबर पाहतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला आहे, क चा २३२५, ळ चा २३५५, ऱ चा २३५३, साध्या र चा २३५२. यादी करणाऱ्याने एका रस्त्याने लिहिलं अन् मी दुसऱ्या रस्त्याने शोधलं, म्हणून कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटली. सकाळी उठून गाडी काढली अन् बाबाजींच्या घरी जाऊन सांगून आलो. तेव्हापासून ज्याच्या नावात ऱ्य किंवा ऱ्ह आहे त्याचं मी तो तुकडा सोडून शोधतो, बापाच्या नावाने नाहीतर गावाच्या नावाने, अन् सापडलं नाही तर गट नंबरने. एवढी एक गोष्ट जरी छापून आली ना साहेब, तरी कितीतरी लोकांची एसटीची चक्कर वाचेल.

हा ऱ्य लिहायचा कसा हेच खूप जणांना माहीत नसतं, म्हणून अर्जाअर्जात ‘शेतकर्यांना’ असं दिसतं, वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ होतं अन् पऱ्हाटीची ‘पर्हाटी’. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, पैसे लागत नाहीत. सेटिंगमध्ये जायचं, भाषा, मराठी जोडायची, मग विंडोज की धरून स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं, पुन्हा दाबलं की परत इंग्रजी. इनस्क्रिप्टमध्ये र ‘जे’ वर आहे, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ येतो, मग ‘डी’ म्हणजे हलन्त, मग ‘य’ किंवा ‘ह’. झाला शेतकऱ्यांचा ऱ्य. ळ साठी शिफ्ट धरून ‘एन’. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड पण आलाय. पण मी सगळ्यांना इनस्क्रिप्टच शिका म्हणतो. त्यात डाव्या हाताला काना मात्रा वेलांट्या अन् उजव्या हाताला व्यंजनं आहेत, पंधरा दिवसात बोटं आपोआप वळतात. अन् यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे हीच मांडणी भारतातल्या बाकी लिप्यांना पण आहे, क मराठीत ज्या कीवर आहे तेलुगूतही त्याच कीवर आहे. आमच्या जिल्ह्याला खाली आदिलाबादची सीमा लागते, तिकडून तेलुगू बोलणारे लोक कामाला येतात, त्यांच्यातल्या एका पोराला मी माझ्याच कीबोर्डवर त्याच्या लिपीत त्याचं नाव लिहून दाखवलं, मला ती लिपी वाचता येत नाही तरी. तो पाहतच राहिला. “भय्या आपको तेलुगू आती है?” म्हणे. मला नाही येत, कीबोर्डला येते.

जुन्या फॉन्टचं पण सांगायलाच पाहिजे कारण ती कटकट अजून संपलेली नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षराला घातलेला मराठी अंगरखा असतो. तुम्ही ‘गाव’ लिहिलं की फाईलच्या आत एक्स, के, ओ अशी तीन इंग्रजी अक्षरंच साठवली जातात, फॉन्ट आहे तोवर ती गाव दिसतात अन् फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की अंगरखा गळून पडतो. ग्रामसभेचा ठराव रात्री जागून टाईप केला, पेनड्राईव्हवर नेला, अन् तिथे उघडला तर सगळी एबीसीडीची खिचडी, हे माझ्या दुकानात दर महिन्याला कोणीतरी सांगतंच. मी त्यांना दोन गोष्टी सांगतो, एक तर युनिकोडमध्ये लिहा, अन् जुनी फाईल असेल तर न्यायच्या आधी तिची पीडीएफ करा. कंट्रोल पी दाबा, प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा, विंडोज १० पासून ते आतच आहे. पीडीएफमध्ये अंगरखा शिवून जातो, मग कुठेही उघडा.

आता एक्सेलचं सांगतो. यात चूक माझी होती अन् ती मला अजून बोचते. गावच्या बचत गटाच्या एकवीस बायकांची यादी करून द्यायची होती, नाव, खाते नंबर, आयएफएससी. खाते नंबर सोळा आकडी. मी पहिला नंबर टाकला तर एक्सेलने त्याचं १.२३ ई प्लस १५ असं काहीतरी करून दाखवलं, मला वाटलं कॉलम बारीक आहे, मी कॉलम ओढून मोठा केला, फॉरमॅटमध्ये नंबर केलं, पॉइंट काढून टाकले, सोळा आकडे दिसायला लागले, मी खुश झालो. यादी गेली. महिन्याने दोघींचे पैसे आले, एकोणीस जणींचे अडकले. अध्यक्ष ताई यादी घेऊन दुकानात आल्या, कोणावर आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, “भाऊ, सगळ्यायच्या नंबरच्या शेवटी शून्यच कसा आला?” मी पासबुक घेऊन एकेक नंबर लावला तर खरंच, शेवटचा आकडा कोणाचा सात होता, कोणाचा तीन, एक्सेलने सगळ्यांचा शून्य करून टाकला होता. ज्या दोघींचा नंबर मुळातच शून्यावर संपत होता तेवढ्यांचेच पैसे आले होते.

एक्सेल खाते नंबरला बेरीज-वजाबाकीचा आकडा समजतो अन् आकड्याचे पंधराच अंक लक्षात ठेवतो, सोळावा अन् पुढचे सगळे शून्य. गेलेला अंक परत येत नाही, नंतर फॉरमॅट बदलून काही होत नाही. म्हणून टाईप करायच्या आधीच कॉलम निवडून राईट क्लिक, फॉरमॅट सेल्स, तिथे टेक्स्ट करायचं, नाहीतर नंबरच्या आधी एक वरचा स्वल्पविराम टाकायचा, तो प्रिंटमध्ये दिसत नाही पण एक्सेलला कळतं की हा हिशोबाचा आकडा नाही, ही ओळख आहे. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरचं पुढचं शून्य पण असंच गळतं, तेही याने टिकतं. अन् आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, ते ओ नाही, शून्य! त्या यादीत मी तेही दोन ठिकाणी चुकवलं होतं. एकोणीस बायकांना पैशासाठी अजून दीड महिना थांबावं लागलं, त्यात एकीच्या पोराची फी होती. कॉलेजात मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला आहे, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं आहे, पण तिथे हे कोणी सांगितलं नव्हतं.

तारखांचं मात्र एक्सेल फार छान करतं. आत ते तारखेला पण आकडाच समजतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, अन् तिथून रोज एकेक वाढवत जातं. म्हणून एका खान्यात पेरणीची तारीख टाका, दुसऱ्यात आजची, अन् तिसऱ्यात वजाबाकी करा, पीक किती दिवसांचं झालं ते लगेच येतं, २० जूनला पेरलेली पऱ्हाटी १५ सप्टेंबरला ८७ दिवसांची. आमच्याकडे दोन-तीन पोट्टे आता फवारणीचा हिशोब असाच ठेवतात. यात एक गंमत आहे, रिकाम्या खान्यात ६० लिहा अन् त्याला तारखेचा फॉरमॅट द्या, एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० दाखवेल. तो दिवस कधी उगवलाच नाही, १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती, एक्सेल आलं तेव्हा लोकांच्या जुन्या फायली बिघडू नये म्हणून त्यांनी ती चूक तशीच ठेवली अन् आजपर्यंत आहे. आपल्याकडे सातबाऱ्यात आजोबाच्या वेळची चूक नातवापर्यंत येते, तसंच.

वयाचा हिशोब करायला मात्र एक्सेल उघडायची गरज नाही. विंडोजच्या साध्या कॅल्क्युलेटरमध्ये डाव्या बाजूच्या मेन्यूत ‘डेट कॅल्क्युलेशन’ आहे, जन्मतारीख अन् जाहिरातीतली तारीख टाकली की वर्ष महिने दिवस सगळं येतं. भरतीचे फॉर्म निघाले की मी दिवसाला पन्नास वेळा वापरतो. पोरं बोटावर मोजत बसतात अन् एका दिवसाने अपात्र होतात.

झेरॉक्सवाला असल्यामुळे एक गोष्ट मला स्वतःला फार जवळची वाटते. आपण कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट म्हणतो, ते लॅरी टेस्लर नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात आपल्या सोबत्याबरोबर बसवलं, अन् तो काम कुठे करत होता तर झेरॉक्स कंपनीच्याच लॅबमध्ये, अमेरिकेत पालो आल्टोला. म्हणजे कागदाची कॉपी पण झेरॉक्सची अन् कॉम्प्युटरमधली कॉपी पण तिथलीच, लेझर प्रिंटर पण झेरॉक्समधल्याच माणसाने केला, गॅरी स्टार्कवेदर त्याचं नाव. माझ्या दुकानाचं सगळं भांडवल एका ठिकाणाहून निघालंय हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. अन् झेरॉक्स शब्द ग्रीक ‘कोरडं’ या शब्दावरून आलाय, शाईचं ओलं काम नसलेली, पावडरवर चालणारी नक्कल. टेस्लर २०२० मध्ये वारले. कंट्रोल सी दाबताना कधीतरी आठवण काढावी असा माणूस.

त्याच कॉपी-पेस्टमध्ये आता एक भर पडलीय, विंडोज की अन् व्ही दाबा, पहिल्यांदा सुरू करू का विचारेल, हो म्हणा, मग तुम्ही कॉपी केलेल्या मागच्या पंचवीस गोष्टी दिसतात, पाहिजे ती निवडा. एकाच माणसाचे चार फॉर्म भरताना यासारखं सुख नाही. पण दुकानातल्या, सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर काम झालं की तिथलं ‘क्लियर ऑल’ दाबायला विसरू नका, नाहीतर तुमचा आधार नंबर पुढच्या माणसाला दिसेल. तसंच दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बँक किंवा मेल उघडायचा असेल तर क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून वेगळी खिडकी उघडा, बंद केली की हिस्ट्री अन् लॉगिन मागे राहत नाही, डाउनलोड केलेली फाईल मात्र राहते, ती हाताने डिलीट करा. माझ्या दुकानात पण मला सांगा, भाऊ ती वेगळी खिडकी उघडून दे, मला राग येत नाही.

विचित्र गोष्टी पोरांना आवडतात, त्या पण द्या, त्यातूनच पोरं शिकतात. विंडोजमध्ये ‘कॉन’ नावाचं फोल्डर बनत नाही, करून पाहा, नकार देतं. कॉलेजात आम्हाला कोणी सांगायचं यात भूत आहे, कोणी म्हणायचं बिल गेट्सला पण उत्तर माहीत नाही. उत्तर साधं आहे, विंडोजच्या आधी कॉम्प्युटर ज्यावर चालायचा त्या जुन्या डॉसमध्ये कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड अन् पडदा, पीआरएन म्हणजे प्रिंटर, ही नावं मशीनच्या अवयवांना देऊन झाली होती, फाईलला ती देता येत नव्हती, अन् जुने प्रोग्रॅम चालत राहावे म्हणून तो नियम आजही पाळला जातो. ड्राईव्ह सी पासूनच का सुरू होतात? ए अन् बी फ्लॉपीच्या होत्या. फ्लॉपी गेल्या, त्यांची जागा रिकामी ठेवलेली आहे. सेव्हच्या चित्रात जी चौकोनी वस्तू दिसते ती तीच फ्लॉपी, १.४४ एमबीची, आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्यात मावणार नाही. अन् कॉम्प्युटरमधल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात, तर ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या मशीनमध्ये खरंच एक पतंग सापडला होता, त्यांनी तो चिकटपट्टीने वहीत लावून ठेवला, ती वही अमेरिकेच्या म्युझियममध्ये आहे. शब्द मात्र त्याच्या आधीचा, एडिसन पण वापरायचा. बोंडअळीने वावर गेलेल्या माणसाला किडा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, मी ही गोष्ट सांगितली की लोक जवळ सरकून ऐकतात.

एक गोष्ट मात्र लोक कटकट समजून बंद करतात अन् मला त्याचं फार वाईट वाटतं. शिफ्ट पाच वेळा दाबलं की टूं आवाज होतो अन् ‘स्टिकी कीज’ म्हणून काहीतरी विचारतं. सगळे नाही म्हणतात, मी पण म्हणायचो. आमच्या गावचा एक पोरगा आहे, कुट्टी मशीनमध्ये त्याचा डावा हात मनगटापासून गेला. हुशार आहे, बी.ए. झालाय. माझ्याकडे कामाला येऊ का विचारायला आला होता, पण म्हणाला, “भाऊ, शिफ्ट धरून दुसरी की कशी दाबू, एकाच हाताने?” मी त्याला शिफ्ट पाच वेळा दाबायला लावलं, हो म्हणायला लावलं. आता शिफ्ट दाबून सोडून द्यायचं, मग ‘जे’ दाबायचं, कॉम्प्युटर दोन्ही सोबत दाबल्यासारखं धरतो. त्याने पहिला शब्द कोणता लिहिला सांगू? ‘वऱ्हाड’. मी मुद्दाम तोच दिला होता. ऱ आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खोडून पुन्हा लिहिला, चार-पाच वेळा. आता तो सकाळची पाळी सांभाळतो अन् त्याची स्पीड माझ्यापेक्षा थोडीच कमी आहे. ही सोय त्याच्यासारख्यांसाठीच बनवलेली आहे अन् प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे, पण ज्याला गरज त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तसंच ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी विंडोज की अन् अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग येतं, म्हातारी माणसं स्वतःचा सातबारा पडद्यावर स्वतः वाचतात, दुसऱ्याला विचारावं लागत नाही. बंद करायला विंडोज अन् एस्केप.

बाकीचं भराभरा सांगतो. ऑनलाइन काढलेल्या दाखल्यावर डिजिटल सहीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह येतं अन् काही ठिकाणी तो कागद परत करतात. कागद खोटा नसतो, फक्त कॉम्प्युटरला ती सही ओळखीची नसते. ॲडोबी रीडरमध्ये फाईल उघडायची, ब्राउझरमध्ये नाही, सहीवर क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट दाखवा, तिथे ट्रस्ट, ॲड टू ट्रस्टेड, अन् मग व्हॅलिडेट केलं की हिरवी खूण येते, मग प्रिंट काढायची. पण फाईल सरकारी साईटवरून आपण स्वतः काढलेली असेल तरच हे करा. फोटो पन्नास केबीच्या आत मागतात तेव्हा पेंटमध्ये उघडून कंट्रोल डब्ल्यू, टक्क्यांत पन्नास टाका, लांबी रुंदी दोन्ही अर्धी होते म्हणजे चित्र चौथाई होतं. कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की ते दाबून बारीक करतं अन् सातबाऱ्याचे आकडे पुसट येतात. चुकून टॅब बंद झाली तर कंट्रोल शिफ्ट टी, पान परत येतं, भरलेलं सगळं येईलच असं नाही, म्हणून मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा. नोटपॅडच्या पहिल्या ओळीत टिंब अन् लॉग हा शब्द कॅपिटलमध्ये लिहून सेव्ह केलं की दर वेळी ती फाईल उघडताना खाली तारीख अन् वेळ आपोआप पडते, मी उधारीची वही त्यातच ठेवली आहे. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, इंग्रजी इंडिया कीबोर्ड असेल तर कंट्रोल ऑल्ट अन् ४. अन् मे महिन्यात ४५ डिग्रीला कॉम्प्युटर आपोआप बंद पडत असेल तर आधी सीपीयू उघडून पंख्यावरचा धुरळा ब्रशने काढा, सोयाबीन काढणीनंतर तर हटकून काढा, मेकॅनिकचे पाचशे वाचतील.

एक धोक्याचं पण सांगतो. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर जी फाईल येते तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर हातच लावू नका, ती फाईल नाही, ते ॲप आहे, बसलं की मेसेज अन् ओटीपी त्याच्या हातात. पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका, १९३० ला लगेच फोन करा, जितका लवकर फोन तितकी पैसे अडवता यायची आशा जास्त. आमच्याकडे लोक चार दिवस घरात कोणाला सांगत नाहीत.

संपादक साहेब, इंग्रजीत हे सगळं ढिगाने आहे, व्हिडिओ पण आहेत, पण आमच्याकडे रेंज शाळेच्या गच्चीवर येते अन् तुमचा पेपर पानठेल्यावर येतो. पानठेल्यावरचा पेपर कापून ठेवता येतो, खिशात घालून दुकानात आणता येतो, बाया त्याची चौकट भिंतीला चिकटवून ठेवतात. तुम्ही जागा दिली तर मी दर आठवड्याला लिहून देईन, मानधन नको, अन् माझ्यापेक्षा जाणकार कोणी मिळाला तर त्याच्याकडून घ्या, फक्त विदर्भातल्या दुकानदाराला अन् शेतकऱ्याला समजेल असं लिहायला सांगा.

शेवटी एक काम. हे पत्र मी युनिकोडमध्ये टाईप केलंय. तुमच्याकडे छापायला घेताना ते दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलत असतील तर सगळ्यात आधी ऱ्य अन् ऱ्ह तुटतात. तेव्हा टायपिंगवाल्या भाऊंना सांगा, ‘शेतकऱ्याला’, ‘सातबाऱ्यात’, ‘पऱ्हाटी’ अन् ‘वऱ्हाड’ एवढे शब्द छापायच्या आधी एकदा डोळ्याने पाहून घ्या. पत्रात वऱ्हाड पाच ठिकाणी आहे, शीर्षक धरून सहा.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेरॉक्स-टायपिंगवाला,
जि. यवतमाळ